नाव न घेता मागितलेला पेला



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘परमिट रूममधील हिशेब.’ चालक थोडा वेळ काही बोललेच नाहीत. ते साहजिक आहे. विनोबा 1938 साली येऊन राहिले ते हे पवनार. धामच्या काठावर त्यांचा आश्रम आजही उभा आहे. आपला वर्धा जिल्हा 1974 पासून दारूबंदीचा. येथे एकही परवानाधारक बार नाही. अशा ठिकाणी बारच्या फळीवरील बाटल्यांची चर्चा कशाला, असे कोणासही वाटेल.

याचे उत्तर सोपे आहे. बार येथे नाही, पण बारमध्ये वाढणारी पोरे येथली आहेत. सेलूची, केळझरची, पवनारची कितीतरी मुले बुटीबोरीला आणि नागपूरला हॉटेलांत काम करतात. गेली पंचवीस वर्षे या वाढप्यांची आणि स्वयंपाकघरातील कामगारांची संघटना बांधण्याचे काम आम्ही करीत आहोत. आम्ही स्वतः तेराव्या वर्षी कपबशा विसळण्यापासून सुरुवात केली, शाळा तेथेच सुटली. पुढे जे वाचले ते गिऱ्हाईक टाकून गेलेल्या वर्तमानपत्रांतून आणि मग सार्वजनिक वाचनालयातून. तेव्हा आज पंडिताचे व्याख्यान होणार नाही. एक प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे जवळून पाहिला आहे, तो आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रश्न असा. गिऱ्हाईक टेबलाशी बसते आणि म्हणते, “एक व्हिस्की आण.” कोणती, ते सांगत नाही. मग त्याच्यापुढे येते ती त्या दुकानातील साधी, स्वस्तातली व्हिस्की. भारीची बाटली मागे आरशापुढे दिव्याखाली मांडलेली असते, पण तिच्याकडे हात जात नाही. जी येते तिला आमचे वेटर ‘चालू’ म्हणतात. चालू माल म्हणजे खपणारा माल. जगभर हीच चाल आहे. अमेरिकेत काउंटरच्या आतल्या अंगाला, बारमनच्या गुडघ्याच्या उंचीवर एक पट्टी असते, तीत या चालू बाटल्या ओळीने उभ्या असतात. नामांकित बाटल्या पाठीमागच्या वरच्या फळीवर. इंग्लंडात तिला दुकानची बाटली म्हणतात. मग नाव न घेता मागितले की स्वस्तातलीच का यावी? महागडी का नाही?

पहिले उत्तर प्रत्येकाच्या ओठावर असते : मालक लुबाडतो. आम्ही कामगार संघटनेची माणसे, मालकाची बाजू घेण्याची आम्हांस सवय नाही. तथापि जे खरे नाही ते मालकाविरुद्ध असले तरी आम्ही बोलणार नाही. भारी बाटलीत स्वस्त दारू भरून भारीच्या दराने विकणे ही फसवणूक आहे आणि गुन्हा आहे. तो प्रकार निराळा. चालू बाटली चालूच्या दराने देणे हा निराळा. दोहोंची गल्लत होते म्हणून लोक नको तेथे भांडतात आणि भांडावयाचे तेथे गप्प राहतात.

आता आकडे पाहू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कोणा एका दुकानाचे नाहीत. बाटली 750 मिलिलिटरची. लहान पेग 30 मिलिलिटरचा. म्हणजे एका बाटलीत 25 पेग. समजा, चालू बाटली मालकास 900 रुपयांना पडली. पेगमागे 36 रुपये. तो विकला 90 ला. हाती राहिले 54. आता भारी बाटली 2500 ची. पेगमागे 100 रुपये. तो विकला 200 ला. हाती राहिले 100. बघा, टक्क्यांनी चालूत नफा जास्त, पण रोख रुपयांनी भारीत जवळजवळ दुप्पट. गल्ल्यात टक्के पडत नाहीत, रुपये पडतात. मग ज्यात पेगमागे 100 मिळतात ती सोडून 54 वाली का पुढे करावयाची? मालक लुबाडतो एवढ्या उत्तराने हे कोडे सुटत नाही.

याची पहिली गाठ अशी की भारी बाटली लवकर संपत नाही. चालू बाटली एका संध्याकाळी रिकामी होते. त्याच 900 रुपयांची दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली येते. भारीची बाटली आठ दिवस फळीवर राहते. तेवढ्या आठ दिवसांत चालूचे तेच 900 रुपये आठ वेळा फिरले आणि प्रत्येक फेऱ्यात 1350 रुपये सोडून गेले, एकूण 10,800. भारीच्या 2500 रुपयांनी तेवढ्या काळात एकदाच 2500 मिळविले. आपल्या बाजारातला किराणा दुकानदारही हे जाणतो. तो काजूपेक्षा मिठाच्या आणि साखरेच्या पोत्यांवर दुकान चालवितो. काजू बरणीत समोर मांडतो, ती शोभा असते.

दुसरी गाठ गिऱ्हाइकाच्या खिशाची. ज्याने नाव घेतले नाही, त्याने भावही कबूल केलेला नाही. न विचारता त्याच्यापुढे 200 चा पेग ठेवला आणि बिल आले की तो उठून उभा राहतो, “मी ही मागितली होती का?” येथे तो बरोबर असतो. चालू बाटलीवर असे भांडण क्वचित होते, कारण सर्वांत स्वस्त जे आहे त्याला ‘मला न सांगता दिले’ असे म्हणण्यात बळ राहत नाही. ज्याला भारीची हवी असते तो नाव घेतोच. नाव घेण्यातच त्याची अर्धी हौस फिटते. मौन धरणारा बहुधा दुसऱ्या जातीचा असतो. त्याला चवीपेक्षा बसणे हवे असते, किंवा दिवसभराचा शीण घालवावयाचा असतो, किंवा नाव घ्यावयास लाज वाटते. शिवाय 90 वाला दोन-तीन पेग घेतो, चकणा मागवितो, अंडाभुर्जी मागवितो. 200 वाला एक घेऊन निघून जाण्याचा संभव जास्त.

आणि चवीचे म्हणाल, तर त्या पेल्यात सोडा पडतो, थंड पाणी पडते, पुष्कळदा गोड काळे पेय पडते. यानंतर मूळ बाटली कोणती ते ओळखणारे जिभेचे पारखी थोडेच. आपल्या देशात जिला विदेशी मद्य म्हणतात त्यातील साधी व्हिस्की पुष्कळदा साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात रंग, वास आणि थोडे माल्ट मिसळून तयार होते. स्कॉटलंडात व्हिस्की म्हणावयाची तर ती धान्याची हवी आणि ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरलेली हवी, असा कायदाच आहे. हा फरक मोठा आहे, हे कबूल. पण आपल्याकडील साध्या आणि बऱ्याच भारी, दोन्ही बाटल्यांच्या लेबलावर मद्यार्काचे प्रमाण 42.8 टक्के असेच छापलेले आढळते. म्हणजे यकृताला जे सोसावयाचे ते दोन्हींत सारखे.

हाताच्या सोयीचाही भाग आहे, तो बाहेरच्या माणसास दिसत नाही. शनिवारच्या रात्री काउंटरवरचा माणूस शेकड्यांनी पेग मापतो. जी बाटली जास्त लागते ती हाताजवळ, जी कमी लागते ती वर. दर पेगला वळून, टाचा उंचावून वरची बाटली काढावयाची म्हटले तर रात्री बारापर्यंत त्याच्या पाठीचे काय होईल? गिरणीतला कामगार कांड्या हाताजवळ ठेवतो, तसेच हे. पुष्कळ थोर व्यापारी धोरणांच्या मुळाशी अशी एखाद्या कामगाराची पाठ असते.

याउपर कंपन्यांच्या सवलती असतात. अमुक पेट्या उचला, एक पेटी वर घ्या. फळी आमच्या पाटीने सजवा. म्हणजे चालू बाटली कोणती असावी हे मालक ठरवितो असे दिसते खरे, पण त्याच्यामागे दुसरे कोणी ठरविणारे असू शकते. अमेरिकेत 1933 साली दारूबंदी उठली आणि 1935 च्या कायद्याने उत्पादकाने विक्रेत्यास अशी बांधून घेणारी आमिषे दाखविण्यास बंदी केली. इंग्लंडात बिअर बनविणाऱ्या कंपन्यांनी गुत्तेच विकत घेऊन ठेवले होते. तेथे दुकानाला दुसऱ्याची बिअर ठेवण्याची मुभाच नसे. तेव्हा 1989 मध्ये सरकारला मध्ये पडावे लागले. परंतु इंग्रजांची एक गोष्ट आम्हांस पसंत पडली. तेथे व्हिस्की, जिन, रम आणि व्होडका 25 किंवा 35 मिलिलिटरच्या मापानेच दिली पाहिजे, असा वजनमापांचा नियम आहे. बाटलीचे नाव गिऱ्हाइकाने घेवो न घेवो, मापाचे नाव कायद्याने घेऊन ठेवले आहे.

आमच्याकडे ‘परमिट रूम’ हे नावच मुळी बंदीतून आले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. पुढच्या वर्षी बंदी पूर्ण झाली. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, 1956 साली मुंबई राज्यात आला. ज्याच्यापाशी परवाना असेल त्याने या खोलीत बसून प्यावे, म्हणून ती परमिट रूम. पुढे बंदी सैल झाली, खोलीचे नाव तेच राहिले. आणि परवाना म्हणजे काय? सरकार त्या पेल्यात भागीदार आहे, याची पावती.

ही भागीदारी किती, तेही पाहा. 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले. ज्या मद्याचा घोषित उत्पादनखर्च लिटरमागे 260 रुपयांपर्यंत आहे, त्यावर खर्चाच्या तिप्पट होते ते साडेचारपट झाले. हे शुल्क चालू बाटलीवरचे आहे, हे लक्षात घ्या. त्याच वेळी 180 मिलिलिटरच्या बाटलीच्या किमान किरकोळ किमती ठरविण्यात आल्या : देशी 80 रुपये, साधी विदेशी 205, भारी विदेशी 360. आणि मधे एक नवी जात निर्माण केली, ‘महाराष्ट्र मेड लिकर’. धान्यापासूनची, येथल्याच उत्पादकांनी बनवावयाची, किंमत 148. सहाने भागा म्हणजे 30 च्या मापाचा दुकानातील भाव कळेल : 13, 25, 34 आणि 60 रुपये, सुमाराने. या सर्व फेरबदलांतून वर्षाला 14,000 कोटी रुपये जास्त येतील, असा सरकारचा अंदाज होता. चालू बाटली महाग केली, आणि तिच्या जागी बसावयास एक सरकारमान्य स्वस्त बाटली पुढे केली. बारमालक काउंटरवर जे करतो ते राज्याच्या काउंटरवर झाले, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. परमिट रूमवाल्यांनी 14 जुलै 2025 रोजी या शुल्काविरुद्ध आणि विक्रीकर 5 वरून 10 टक्के केल्याविरुद्ध राज्यभर बंद पाळला. त्या दिवशीची मजुरी किती वेटरांना मिळाली, हा प्रश्न मात्र कोणाच्या निवेदनात नव्हता.

आता घरचे बोलू. आपल्या जिल्ह्यात बार नाही, म्हणून चालू बाटलीही नाही काय? आहे, आणि ती सर्वांत वाईट आहे. पोलिसांच्या धाडीची बातमी आपण वाचतो : अमुक शिवारात मोहा सडवा नष्ट, इतके ड्रम फोडले. त्या सडव्यात गूळ किती, नवसागर किती, हे विकणाऱ्यासही नीट ठाऊक नसते. वर्धा नदीपलीकडून आणि नागपूरच्या बाजूने चोरून येणारी देशी निराळी. येथे पिणारा “कोणती?” असे विचारूच शकत नाही, जे आणले ते त्याने घ्यावयाचे. फळी नाही, लेबल नाही, बिल नाही, माप नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. तो भाग दारूबंदीचा नव्हता. पण ती माणसे गरीब होती आणि जे स्वस्त पुढे आले ते त्यांनी प्याले. मिथेनॉलला वास नशेच्या दारूचाच येतो.

यावरून आम्ही बंदी उठवा असे म्हणत नाही. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. तिन्ही जिल्ह्यांतील बायकांनी काय सोसून ही मागणी केली ते आम्ही पाहिले आहे, आणि दारू पिणाऱ्या कामगाराच्या घरी पगाराच्या दिवशी काय होते तेही पाहिले आहे. बंदी असावी की नसावी हे ठरविताना, बंदीतही कोणाची तरी बाटली चालू असते हे ध्यानात ठेवून बोलावे, इतकेच.

इथवर जी कारणे सांगितली ती मालकाच्या पुस्तकातली. आमच्या मते जे कारण सर्वांत जोरकस आहे ते त्याच्या पुस्तकात नाही, ते वेटरच्या पगारपत्रकात आहे. गिऱ्हाइकाने नाव घेतले नाही. वेटरने आपल्या मनाने भारीचा पेग आणला. गिऱ्हाइकाने पैसे नाकारले. आता ते 200 रुपये कोणाचे? पुष्कळ ठिकाणी रिवाज असा की ते पोराच्या पगारातून कापावयाचे. फुटलेला ग्लास, पळून गेलेले गिऱ्हाईक, परत आलेला पेग, सर्व महिन्याच्या शेवटी एका वहीत. अशा ठिकाणी एकोणीस वर्षांचे पोर काय करील? ज्याच्यात त्याचे सर्वांत कमी बुडेल तीच बाटली आणील. “भाऊ, कोन्ती आनू?” असे विचारावे, तर गर्दीत चार टेबले हाका मारीत असतात, आणि काही गिऱ्हाइकांना प्रश्न विचारलेला म्हणजे अपमान वाटतो. म्हणून तो विचारीत नाही. चालू ओततो. जगातल्या अर्थशास्त्र्यांनी या रिवाजाची काही कारणे द्यावीत. बुटीबोरीच्या रस्त्यावर त्याचे कारण ती वही आहे.

कायदा काय म्हणतो? 1936 च्या वेतन अदायगी कायद्यातच असे होते की नुकसानीबद्दल पगार कापावयाचा तर ते कामगाराच्या हयगयीने झालेले हवे, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. तो कायदा जाऊन 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता अमलात आली; ही अट तीतही आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या संहितेने कामगारास नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले. आमच्या वाढप्यांपैकी बहुतेकांजवळ असे पत्र नाही. पगार किती, तास किती, सुट्टी कोणती, कोणीच नाव घेतलेले नाही. मग जो पगार मिळतो तोही चालूच. न बोललेल्या करारात ज्याच्या हाती बाटली त्याचे माप चालते, हे आम्ही पेल्यावरून शिकलो आणि पगाराला लावून पाहिले. तेथेही ते तंतोतंत बसले.

गेल्या वर्षी एका परमिट रूमच्या मालकाशी आम्ही बोलणी केली. नाव सांगत नाही. सांगण्यासारखे काही वाईटही नाही. तीन बैठका झाल्या. पहिलीत त्याने चहासुद्धा विचारला नाही. शेवटी एवढे ठरले की पेगचे नाव आणि भाव लिहिलेली पाटी भिंतीवर मराठीत लावावयाची; गिऱ्हाइकाने नाव घेतले नाही तर वेटरने पाटीकडे बोट दाखवून एकदा विचारावयाचे; आणि विचारून आणलेला पेग परत आला तर तो दुकानाच्या खाती. मालकाची भीती अशी होती की विचारत बसले तर विक्री मंदावेल. आमच्यातील काही पोरांची आशा अशी होती की आता लोक भारीची मागतील आणि बक्षिशी वाढेल.

दोहोंपैकी काहीच झाले नाही. विचारले की बहुतेक लोक पाटीकडे पाहतात, थोडा विचार केल्यासारखे करतात आणि म्हणतात, “तेच आन, रोजचं.” चालू बाटली पूर्वीइतकीच खपते. वहीतील कापाकापी मात्र बंद झाली. एका वेटरने त्या महिन्याचा पूर्ण पगार हाती आला तेव्हा तो दोनदा मोजला. नेमणूकपत्रांचा मसुदा आम्ही मालकास दिला आहे. रात्री एक वाजता दुकान बंद झाल्यावर सेलू-केळझरच्या पोरांनी घरी यावयाचे कसे, हे अद्याप ठरावयाचे आहे. तो म्हणतो, गाडी परवडत नाही. आम्ही म्हणतो, हिशेब दाखवा. पुढची बैठक या महिनाअखेरीस आहे.